बेरिलियमच्या सासूबाई

टिपणीसबाईंच्या हातून तेहेतीस वर्षांत एकही परीक्षानळी फुटली नाही. एकदा एक स्टँडवरून निसटली होती; पण बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की ती वाटेतच विचार बदलून टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्याबरोबर आणखी बावीस जणांनी पाहिलं. त्यातले एकवीस आता कॅनडात आहेत आणि बाविसावा फोन उचलत नाही, त्यामुळे तुम्हांला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

बाई उंचीने इतक्या बेताच्या की पहिल्या दिवशी मुलांना आधी फक्त कोट चालत येताना दिसे. सुती साडी, तिच्यावर पुरुषी मापाचा पांढरा कोट, बाह्या तीनदा दुमडलेल्या. ॲसिडने कोटाला इतकी भोकं पाडली होती की बडोद्याच्या मे महिन्यात साऱ्या कॉलेजात हवेशीर अशा त्या एकट्याच. पायांत किरकिरणारी चप्पल. ती त्या मुद्दाम दुरुस्त करत नसत. "मी येतेय हे लांबून कळायला हवं," त्या म्हणत. "माणसाला सुधारायची एक संधी द्यावी."

आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे एकोणीस वर्षं त्याच विभागात त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे त्या प्रयोग दाखवत आणि मी तो कसा करू नये हे दाखवत असे. बाई शिकवायच्या इंग्रजीतून, रागवायच्या गुजरातीतून, आणि खूश झाल्या की मराठीत बोलायच्या. त्यामुळे त्यांचं मराठी बऱ्याच मुलांनी ऐकलेलंच नाही.

बेरिलियम शिकवायला अभ्यासक्रमात एक तास होता. बाई चार दिवस घ्यायच्या.

"हे बघा," फळ्यावर आवर्तसारणीचा कोपरा काढून त्या सुरू करायच्या. "पत्ता मॅग्नेशियमच्या घरचा. रेशनकार्डावर नाव तिथंच. पण वागणं बघा. तिरप्या रेषेत पलीकडचं बिऱ्हाड आहे ना, ॲल्युमिनियमचं? हुबेहूब त्यांच्यासारखं! आम्ही बडोद्याची मराठी माणसं अशीच. नाव टिपणीस, आणि आमटीत साखर शेजारच्या पटेलांइतकी. पुण्याचे पाहुणे पहिल्या घासाला थबकतात आणि आम्हांला कळत नाही का थबकले."

मग दोघांमधला फरक. बेरिलियमचं हायड्रॉक्साइड आम्लात विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यातही विरघळतं, ॲल्युमिनियमचंही तसंच. ओळखायचं कसं? "दोघी जावा दिसायला सारख्या," बाई सांगायच्या. "दोघींना कॉस्टिकमध्ये घाला, दोघी निमूट विरघळतील. मग ते द्रावण पातळ करा आणि उकळा. बेरिलियम साका होऊन खाली बसतं. ॲल्युमिनियम हूं की चूं करत नाही. उकळी आली की कळतं कोण कोण ते." या जावांच्या गोष्टीमुळे मुलांनी बाईंचं नाव ठेवलं 'बेरिलियमच्या सासूबाई'. बाईंना ते माहीत होतं. त्यांची एकच तक्रार होती, की सासू म्हटलं तर सुनेने निदान एकदा तरी चहा करून द्यायला हवा होता.

दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, बेरिलियमचे क्षार खरंच गोड लागतात?"

"जुन्या लोकांनी चाखून पाहिले. गोड लागले. म्हणून नावसुद्धा गोड या अर्थाचं ठेवलं होतं."

"मग पुढे काय झालं?"

"नाव बदललं. चाखणाऱ्यांचं विचारू नकोस." आणि मग बोट वर करून, "गोड बोलणाऱ्या माणसावर आणि गोड लागणाऱ्या क्षारावर जीभ चालवायची नाही."

खुद्द बेरिलियम मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. विभागात एक पिवळं लोखंडी कपाट होतं. त्यात एक डबा, डब्यात डबा, आणि त्यात अंगठ्याएवढी बाटली. तळाशी थोडे पांढरे खडे. वर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: 'हात लावू नये. मीसुद्धा.' सगळे प्रयोग ॲल्युमिनियमवर व्हायचे. एक जाऊ गावाला गेली की दुसरीने स्वयंपाक करावा तसे. त्या बाटलीबद्दल मुलांत फार बोललं जाई. ती संस्थानी काळातली आहे, ती फुटली तर विश्वामित्री नदीतल्या सगळ्या मगरी पोट वर करून तरंगतील, वगैरे. त्यातला मगरींचा भाग माझा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा आमच्या प्राचार्यांच्या पत्नी विभागात आल्या. हातात स्टीलचा डबा, आणि तो डबा त्यांनी अंगापासून असा लांब धरलेला की जणू आत साप आहे. आत टिश्यूपेपरात गुंडाळलेली पाचूची अंगठी. कुणा मुलीने प्रदर्शनात तक्ता लावला होता, की पाचूत बेरिलियम असतं आणि बेरिलियम विषारी. तेव्हापासून तीन दिवस त्या जेवल्या नव्हत्या. मी दोन दिवस ऐकलं होतं, पण तीन जास्त बरं वाटतं.

"टिपणीसबेन, आमां बेरिलियम छे?"

"छे ने," बाई म्हणाल्या. "पण तुरुंगात आहे. सिलिकेटच्या कड्यांमध्ये जन्मठेप. तुमच्या नातसुनेच्या नातसुनेने घातली तरी बाहेर यायचं नाही. पाचू घालून कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही; पाचूची किंमत ऐकून मेले असतील." बाईंनी अंगठी स्वतःच्या हाताने त्यांच्या बोटात घातली. "फक्त एक करा. ती कुटून तिची पूड हुंगू नका." प्राचार्यीणबाई हसत हसत गेल्या. बाई माझ्याकडे वळल्या तेव्हा हसत नव्हत्या. "धोका खड्यात नसतो, विनायक. धुळीत असतो. खडा बोटात राहतो. धूळ आत जाते आणि पंधरा पंधरा वर्षं गप्प बसते."

बेरिलियमच्या ऑक्साइडबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज मऊ व्हायचा. ते धातूसारखी उष्णता वाहून नेतं, पण वीज जराही पुढे जाऊ देत नाही. असा गुण फार थोड्यांत. "दुसऱ्याचा ताप आपण वाहून न्यावा, झटका पुढे जाऊ देऊ नये," बाई म्हणत. हे फळ्यापुरतं नव्हतं. एका वर्षी बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीवर इतके ओरडले की तिच्या हातातली नळी टाळ वाजावेत तशी स्टँडवर वाजायला लागली. चप्पल किरकिरत आली. "सर, चूक तिची नाही. द्रावण मीच चुकीचं दिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कुणाला चुकीचं द्रावण दिलं नव्हतं. परीक्षकांनी त्यांनाच दहा मिनिटं शिकवलं. बाईंनी वहीत टिपून घेतलं, मध्ये मध्ये "अच्छा?" असंही म्हणाल्या.

त्यांनी लग्न केलं नाही आणि पीएचडीही केली नाही. पीएचडी सुरू केली होती, बेरिलियमवरच. दोन-अडीच वर्षं काम करून सोडून दिली. का, याच्या विभागात तीन कथा होत्या. एक प्रेमाची, एक गाईडच्या मत्सराची, आणि एकीत भट्टीचा स्फोट होता. तिन्हींचा उगम शोधत गेलात तर माझ्या टेबलापाशी पोचाल.

निवृत्त झाल्यावर बाई दांडिया बाजारातल्या घरी एकट्या राहायच्या. तिसरा मजला, रस्त्यावर गॅलरी. तळमजल्यावर हर्षदभाईंची डेंटल लॅब. शहरातले दातांचे डॉक्टर मापं पाठवत, हर्षदभाई त्यावरून दातांच्या धातूच्या कॅप बनवत, आणि त्यांची बायको नयनाबेन स्कूटरवरून त्या डॉक्टरांना पोचवून येत. हर्षदभाई पन्नाशीचे, बारीक बोटांचे, कामात इतके नेमके की डॉक्टर म्हणत, हर्षदची कॅप बसवताना पेशंटला विचारावं लागतं, 'बसली का?' कारण आपल्याला कळत नाही. वर्ष-दीड वर्षापासून त्यांना खोकला होता. टीबी, असं निदान झालं होतं. औषधांचा एक कोर्स झाला, दुसरा चालू होता, आणि माणूस मात्र महिन्या-महिन्याला वाळत होता.

बाई जिन्यावरून येता-जाता तो खोकला ऐकत, नयनाबेनला आल्याची वडी देत. यापलीकडे त्यांचा संबंध नव्हता. मग त्यांची एक दाढ दुखावली, डॉक्टरांनी माप घेतलं, आणि माप गेलं त्यांच्याच घराखाली. एका दुपारी कॅप तयार झाली का पाहायला बाई लॅबच्या काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

हर्षदभाई कॅप घासत होते. छोटी मोटर, तिच्या टोकाला फिरणारा दगड, आणि कॅपवरून धुरासारखी उडणारी राखाडी धूळ. चार वेळा घासलं की ते कॅप डोळ्यांपाशी आणत आणि ओठांचा चंबू करून तिच्यावर हलकेच फुंकर मारत. फू! धूळ उडाली की उजेडात धरून बघत. पुन्हा घासत. पुन्हा फू.

"ब्रश नाही का?" बाईंनी विचारलं.

"ब्रशथी न देखाय, बेन," ते अभिमानाने म्हणाले. या धंद्यात प्रत्येकाची आपापली फुंकर असते. वडिलांनी त्यांना घासायला शिकवण्याआधी फुंकायला शिकवलं होतं. पुढचं वाक्य ते पुरं करू शकले नाहीत. खोकला आला. दोन्ही हातांनी टेबल धरून ते वाकले, आणि बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सवयच ती. सव्वा मिनिट.

नयनाबेनने पाणी दिलं. "थुंकीत जंतू एकदापण नाही सापडला, बेन," तिने बाईंना हळूच सांगितलं. "फोटोमध्ये डाग दिसतात. म्हणून डॉक्टर बोलतात टीबी."

"धातू कोणता वापरता?" बाईंनी विचारलं.

"निकल-क्रोम," हर्षदभाई श्वास गोळा करत म्हणाले. "जूनो माल छे. नवामां ए मजा नहीं. आ तो माखण जेवो वहे छे."

लोण्यासारखा वाहतो! निकेल-क्रोम हा हट्टी धातू. वितळला तरी साच्याच्या कोपऱ्यात जायला नखरे करतो. त्याला लोण्यासारखं वाहायला लावायचं असेल तर त्यात चिमूटभर काय घालतात, हे बडोद्यात ज्या चार जणांना माहीत असेल त्यांतल्या बाई एक. बाकीचे तीन कोण ते मला ठाऊक नाही.

कॅपचं विसरून बाई रिक्षाने थेट कॉलेजात आल्या. "विनायक, लॅबची किल्ली रविवारी लागेल." मी काहीतरी विनोद केला. बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि कोटाशिवाय पहिल्यांदाच मला इतक्या लहान दिसल्या.

"मी पीएचडी करत होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये दगडूभाऊ होता," त्या म्हणाल्या. "शिपाई. खानदेशातला. मी बेरिलियमचं सल्फेट भट्टीत भाजून ऑक्साइड करायची, तो ते खलात कुटायचा. मी म्हणायची, दगडूभाऊ, आणखी बारीक. तो म्हणायचा, ताई, आता याच्यापेक्षा बारीक फक्त पीठ असतं. संध्याकाळी तो कोरड्या झाडूने लॅब झाडायचा. मी भट्टीपाशी बसून सांगायची, कोपरे राहिले बघ, धूळ राहता कामा नये. त्याला खोकला लागला. टीबी म्हणाले. सगळे म्हणाले, म्हणून मीही म्हणाले. तो गेला. पुढच्या वर्षी एका परदेशी मासिकात मी वाचलं की बेरिलियमच्या धुळीने फुप्फुसात गाठी होतात आणि डॉक्टरांना त्या टीबीसारख्या दिसतात." त्यांनी समोरचा स्टँड सरळ केला. "माझी तीन प्रकरणं लिहून झाली होती. बांधून ट्रंकेत टाकली."

माझ्याकडे त्या दिवशी वाढवून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"आता दोन्हीकडून चुकायचं नाही," बाई म्हणाल्या. "टीबी असेल आणि माझ्या बोलण्याने त्याने गोळ्या सोडल्या, तर तो मरेल. टीबी नसेल आणि मी गप्प बसले, तरी मरेल. आधी धातू बघू."

हर्षदभाईंचा धातू साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून यायचा, त्यावर घटकांचं नावनिशाण नाही. त्यातले दोन तुकडे बाईंनी नयनाबेनकडून मागून घेतले आणि वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडमध्ये तापल्या ॲसिडात ठेवले. विरघळायला दोन दिवस लागले. मग निकेल वेगळं केलं, क्रोमियम वेगळं केलं, ते सगळं बाईंनी असं केलं जसं कुणी मेथी निवडावी. शेवटी बेरिलियम दाखवणारा रंग हवा होता, मोरिन नावाचा. अल्कलीत बेरिलियम असेल तर जांभळ्या दिव्याखाली तो पोपटी चमकतो. ॲल्युमिनियमला तिथे तो भीक घालत नाही. कॉलेजातली मोरिनची बाटली माझ्या जन्माच्या सुमाराची होती आणि माझ्याइतकीच उपयोगी. नवी यायला महिना.

"विनायक," बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे सत्यनारायणाला बसवलं होतंस तो पाट फणसाचा ना?"

होता. फणसाच्या लाकडाला जो पिवळेपणा असतो त्यात हेच मोरिन. माझ्या आईने अलिबागहून आणलेला पाट. त्यावर माझी मुंज लागली होती. गोत्री भागातल्या आमच्या फ्लॅटमधून तो बाहेर काढताना माझ्या बायकोचा चेहरा असा झाला की मुलगी सासरी पाठवतानाही तसा झाला नव्हता. बाईंनी पाटाच्या खालच्या बाजूने दोनच मुठी छिलके काढले, ते स्पिरिटमध्ये उकळले, आणि हळदीला लाजवेल असा रंग गाळून घेतला. जांभळा दिवा मी मांडवीतल्या एका साडीवाल्याकडून आणला. तो त्यावर नोटा खऱ्या की खोट्या ते बघायचा. "शेना माटे?" त्याने विचारलं. म्हटलं, "पाट तपासायला." त्याने दिवा दिला आणि पुढे वर्षभर मला काळजीने बघत राहिला.

रविवारी दुपारी आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले. चार नळ्या. एक नुसत्या रंगाची, एक ॲल्युमिनियमची, एक हर्षदभाईंच्या धातूची. चौथी रिकामी होती.

"खात्रीला खरं बेरिलियम हवं," बाई म्हणाल्या. "बाहेर जा."

मी दाराच्या काचेतून पाहिलं. मास्क, हातमोजे, खाली ओलं फडकं. त्यांनी पिवळं कपाट उघडलं, डबा, डब्यातला डबा, आणि ती बाटली काढली. स्वतःची चिठ्ठी वाचली. हूडमध्ये, पाण्यात बुडवूनच, एक खडा विरघळवला. चाळीस वर्षांनी उघडलेल्या त्या बाटलीचं बूच त्यांनी बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं, आणि मी पहिल्यांदा घाबरलो की आता एक नळी फुटणार.

नाही फुटली. मी आत आलो, दिवा लावला. नुसती नळी काळी. ॲल्युमिनियमची काळी. बेरिलियमची नळी कोवळ्या पोपटी उजेडाने भरून आली. आणि तिच्या शेजारी, तश्शीच, हर्षदभाईंची.

मी आनंदाने ओरडलो. त्यात आनंदाचं काही नाही हे ओरडून झाल्यावर कळलं. बाईंनी चारही नळ्या पुन्हा एकदा क्रमाने पाहिल्या. मग दिव्याकडे पाठ करून म्हणाल्या, "दगडूभाऊ, रे." एवढंच.

छातीचे डॉक्टर तरुण होते. बाईंनी चार पानांचा कागद पुढे केला. हर्षदभाई आणि नयनाबेन बाजूला बसले होते, मी दाराशी.

"आजी," डॉक्टर कागद उलटत म्हणाले, "नळीत चमकलं म्हणजे फुप्फुसात आहेच असं नाही."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "शंभरापैकी शंभर मार्क. म्हणून तर आले. मी धातू ओळखते. माणूस तुम्ही ओळखायचा."

"आणि तोवर टीबीच्या गोळ्या?"

"त्या तुम्ही दिल्यात, तुम्हीच थांबवाल. मी त्याला एकही चुकू दिलेली नाही. पण घासणं आजपासून बंद केलंय. त्यासाठी तुमची परवानगी मागणार नाही."

डॉक्टरांनी पहिल्यांदा कागदावरून नजर उचलून बाईंकडे पाहिलं. मग हर्षदभाईंना विचारलं, "दिवसाला किती कॅप घासता?" हा प्रश्न दीड वर्षात त्यांना कुणी विचारला नव्हता.

पुढचे दोन महिने आम्ही कसे काढले ते मी सांगत नाही. एक खास रक्ततपासणी असते, तिचा नमुना कुठे पाठवायचा हेच कुणाला कळेना. अखेर घशातून नळी घालून फुप्फुसाचा कण काढला, त्यात गाठी सापडल्या, आणि लॅबमध्ये आठवडेच्या आठवडे वाट पाहूनही त्यातून टीबीचा जंतू उगवला नाही. तो रिपोर्ट सांगायला डॉक्टर स्वतः दांडिया बाजारात आले, तीन मजले चढून. आले ते तासभर बसले, आणि जाताना वहीत लिहून घेऊन गेले की पेशंटला आणखी कोणते कोणते धंदे विचारायचे. टीबीच्या गोळ्या त्यांनी थांबवल्या, दुसरं औषध सुरू केलं, नयनाबेनचीही छाती तपासली, आणि ती ठीक निघाली. इतकी वर्षं ती हर्षदभाईंचे धुळीचे शर्ट झटकून धूत होती, हे कळल्यावर बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

हर्षदभाईंना औषध लागू पडलं, पण जिभेला कडूपणा आला. "कायम घासवानुं नहीं? तो शुं करुं, बेन? भजियां तळुं?" पस्तीस वर्षं बोटांत बसलेलं काम. लॅब ओल्या फडक्यांनी पुसून घेतल्यावर बाई रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागल्या. खुर्ची घरून आणली. वर्तमानपत्र वाचत, कोडं सोडवत, आणि ते मोटरकडे बघायला लागले की खाकरत.

आठव्या की नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "कॅप धातूत ओतायच्या आधी मेणात कोरतात ना?"

"मेण तो शिखाऊनुं काम."

"माझी दाढ अजून झालेली नाही. मला मेणात करून दाखवा. मेणाला धूळ नसते."

त्यांनी रागारागाने कोरली. बाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वरचा खड्डा जरा उथळ." त्यांनी दुसरी कोरली. असं करत करत सोळा झाल्या, म्हणजे बाईंच्या तोंडात उरलेल्या दातांपेक्षा जास्त. आता हर्षदभाई फक्त मेणात कोरतात. ओतणं-घासणं धूळ ओढून घेणारी मशीन असलेल्या दुसऱ्या लॅबमध्ये होतं, आणि बेरिलियम नसलेल्या धातूत. त्यांचे मेणाचे दात असे असतात की समोर शेंगदाणे ठेवायला भीती वाटते. फुप्फुसं काही नवी मिळाली नाहीत. थंडीत अजून त्रास होतो. पण आधी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसणारा माणूस हळूहळू पहिल्या मजल्यापर्यंत पोचला, मग दुसऱ्या. बाई वरून विचारत, "कुठवर?" आणि खालून उत्तर येई, कधी शब्दांत, कधी नुसत्या टाळीने.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी दिवाळीनंतरचा उरलेला चिवडा घेऊन त्यांच्याकडे निघालो होतो, तेव्हाचं हे.

सकाळची दहाची वेळ. दांडिया बाजारात स्कूटर, रिक्षा, हातगाड्या, सगळे एकाच वेळी हॉर्न देत होते. रस्त्याच्या पलीकडे भाजीवालीपाशी हर्षदभाई उभे. वर गॅलरीत बाई, कठड्यावर कोपरं टेकून.

"टिपणीसबेन! मेथी लावुं के पालक?"

बाईंनी कानामागे हात धरला. "काय?"

मेथी आणू की पालक, हर्षदभाईंनी जरा जोरात विचारलं. दोन रिक्षांच्या मध्येही ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"ऐकू येत नाही!" बाई म्हणाल्या.

मी चिवड्याची पिशवी घेऊन एका दुकानाच्या छपराखाली थांबलो. माझी खात्री होती की त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं आहे. मागच्या बाकावर कुणी कॉपीची चिठ्ठी उलगडली तर तिचा आवाज ज्यांना पुढे ऐकू येई, त्या या बाई.

हर्षदभाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. खांदे मागे घेतले. छाती भरून श्वास घेतला, आणि एका दमात, अख्खा रस्ता वळून बघेल असे ओरडले, "अरे बेन, मेथी लावुं, के पालक, के बेउ?"

स्कूटरवाले थांबले. भाजीवाली हसायला लागली. बाई कानामागचा हात न काढता तशाच उभ्या राहिल्या, खाली बघत, हर्षदभाई आता खोकतात का ते ऐकत.

ते खोकले नाहीत.

"मेथी," बाई म्हणाल्या.